चिखलासाठी गाडी

ऐकलंत का? नाही? मग बसा, चहा ठेवते. उभ्या उभ्या सांगण्यासारखी गोष्ट नाही ही.

आमच्या सुर्ल्यात साथ आलीय. डेंगूची नव्हे हो, तो परवडला. ही साथ जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना जोर देणारी गाडी घेण्याची. परवा देवळात आरती चालली होती आणि मुलीचं लग्न ठरलेले एक पन्नाशीचे गृहस्थ शेजारच्याच्या कानाला लागून विचारत होते, ‘लॉकर आहे का रे?’ मला वाटलं, दागिने ठेवायची सोय बघतायत बिचारे. कसलं काय! चिखलात एक चाक नुसतं गरगरायला लागलं की दुसऱ्यालाही जोर मिळावा, म्हणून ॲक्सलात बसवलेला असतो, तो लॉकर. मुलीचे दागिने राहिले बाजूला.

आणि चिखल म्हणे! सुर्ल्याच्या माणसाला चिखलाचं अप्रूप? या डिचोली तालुक्यात ज्यांनी जन्म काढला त्यांना विचारा. खनिजाचे टिप्पर रांगेने नदीकडे जायचे, बार्जीत माल ओतायला. सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी शेंदरी होऊन दोरीवरून उतरायचं. पावसात खाणीच्या टाकाऊ मातीच्या, रिजेक्शनच्या डंपावरून लाल गाळ उतरायचा तो थेट शेतात. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे थोड्या हलल्या, मग सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा सगळं ठप्प. दारोदारी ट्रक उभे. शेजारच्या ट्रकवाल्या काकांच्या टिप्परच्या हौद्यात तर पाणी साचून बेडूक झाले. शेवटी काकांनी तो भंगारात घातला आणि त्या दिवशी जेवले नाहीत, असं काकी सांगतात. तर ज्या चिखलापायी हे गाव आधी वैतागलं आणि मग उपाशी बसलं, तोच चिखल शोधायला आता लाखो रुपये मोजून गाडी!

आमच्या भाऊजींना हे खूळ लागलं मोरजीला. जाऊबाईंचं माहेर पेडण्याचं, म्हणून मंडळी तिकडे गेलेली. किनाऱ्यावर कुणा पर्यटकाची भाड्याची थार वाळूत ॲक्सलपर्यंत रुतली होती आणि भरतीचं पाणी वर येत होतं. किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे, त्यातून मोरजीला कासवं अंडी घालायला येतात. दुसरा कुणी असता तर कानाला खडा लावून घरी आला असता. भाऊजी काय म्हणाले? ‘चालवणाऱ्याला येत नव्हतं. टायरची हवा कमी करायची, फोर लोच्या गिअरमध्ये टाकायची, बाहेर!’ त्या रात्रीपासून झोप नाही. पहाटे दोनला अंथरुणात मोबाइलचा उजेड. जाऊबाईंना भलताच संशय आला, तो वेगळाच अध्याय.

पहिली थार बघितली म्हापशाला. काळी कुळकुळीत, टायर असे की सासूबाई बघून दोन पावलं मागे सरल्या. सौदा होत आला आणि भाऊजींनी गिअरच्या बाजूचा फोर बाय फोरचा दुसरा दांडा शोधायला हात घातला. दांडा नाहीच! तिथे सुटे पैसे नि मोबाइल ठेवायचा खण. झालं होतं असं की २०२० च्या ऑक्टोबरात नवी थार आली तेव्हा सगळ्याच फोर बाय फोर होत्या. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने नुसती मागच्या चाकांवर चालणारीही काढली, किंमत दहा लाखांच्या आत आणायला. बाहेरून ऐट तीच. दशावतारातला संकासूर जवळ जाऊन बघावा आणि आतून आपला पोस्टमन निघावा, तशी गत. शिवाय माणसं बसणार चार आणि आम्ही सात, हे भाऊजींच्या लक्षातच आलं नव्हतं. ‘फॅमिली टुरिंगसाठी’ म्हणे!

मग दिल्लीच्या गाड्यांचं वारं आलं. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये गदा आणली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. तेव्हापासून तिकडची बडी धेंडं निम्म्या मोलात दक्षिणेला ओघळायला लागली. भाऊजींनी विमानाचं तिकीट काढायचं तेवढं बाकी होतं. पण जाऊबाईंनी कॅल्क्युलेटर काढला. तिकडच्या आरटीओची एनओसी, गाडी आणण्याचा खर्च, बारा महिन्यांच्या आत गोव्याचा नंबर, म्हणजे इथला रोड टॅक्स. आणि पंधरा वर्षं भरली की नोंदणी पुन्हा करा, ती दारात उभीच. बेरीज बघून भाऊजी दोन दिवस पेजेवर होते. लष्करी लिलावातल्या जिप्सीचंही एक प्रकरण झालं. पेट्रोल पिण्याचा तिचा वेग कळल्यावर ते आपोआप मिटलं.

शेवटी कुळ्याचा एक जीपवाला मदतीला आला, भाऊजींच्या मित्राचा मेहुणा. पाऊस सरला की हे लोक पर्यटकांना जीपमधून दूधसागरला नेतात, ओढे ओलांडत, दगडांवरून. त्याने पहिली गाडी कशी तपासली ते मी डोळ्यांनी बघितलं. बॉनेट उघडलंच नाही! पोतं अंथरलं, गाडीखाली उताणा शिरला आणि स्क्रू-ड्रायव्हरची मूठ चासीवर आपटत चालला. ठण, ठण, ठण... थप. थपला थांबला. चासीच्या पोकळीत बोट घातलं, चिमूटभर वाळू काढली आणि जिभेला लावली. मी म्हटलं, हा बाबा वेडा आहे. तो थुंकून म्हणाला, ‘खारट. ही दर्यावर गेलेली गाडी. वरून रंग नवा, आतून पापड.’ मालकाचा चेहरा बघायला हवा होता.

दुसऱ्या गाडीचा फोर बाय फोरचा खटका फिरवला, तर पुढची चाकं ढिम्म. कारण ऐका: मालकाने सात वर्षांत तो एकदाही फिरवला नव्हता! आतलं सगळं आखडून गेलं होतं. नवस बोलून घेतलेल्या गाडीचा नवस कधी फेडलाच नाही. तिसरीचं किलोमीटर दाखवत होतं चाळीस हजार आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. चौथी पास झाली. तिचं नाव मी घेत नाही, भाऊजी रुसतील. फॉर्म २९, फॉर्म ३०, बँकेचा बोजा उतरल्याचा कागद, सगळं जाऊबाईंनी स्वतः बघितलं.

आता एवढ्यावर थांबावं? पुढे लोखंडी कठडा हवा, छपरावर दिव्यांची माळ हवी. कठड्यांना डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने मनाई केली आणि कंपनीने दिलेल्या रूपात असे बदल करू नयेत, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये बजावलंय. हे मला कसं माहीत? घरात दुसरं काही बोललं जात नाही हो! साखळीच्या बाजारात नारळ घेताना मी विक्रेतीला ‘फोर लो’ समजावून सांगितलं, इतकी माझी दशा.

पहिली कँपिंगची सफर ठरली चोर्ल्याच्या घाटावर. कुठे? तर सुर्ल्याला! गोव्यात सुर्ले दोन, एक आमचं आणि एक सत्तरीतलं, घाटमाथ्यावरचं. म्हणजे सुर्ल्याची माणसं लाखो रुपये खर्चून मुक्कामाला गेली सुर्ल्याला. आणि ज्या घाटातून कदंबची बस रोज बेळगावला जाते, त्याच डांबरी रस्त्याने. भाऊजींना खटका फिरवायची इतकी घाई, की त्यांनी कोरड्या डांबरावरच फोर हाय लावला आणि एका वळणावर गाडी म्हशीसारखी अडून धक्के द्यायला लागली. पुढची-मागची चाकं एकाच दांड्याला बांधलेली. वळणावर पुढच्यांना जास्त जायचं असतं, डांबर घसरू देत नाही. सासूबाईंच्या मांडीवरचा सुक्या बांगड्यांच्या किसमुरीचा डबा पायदानावर. वास अजून आहे.

वर पोचलो तर धुकं, आणि पहिल्या पावसाची चाहूल. छपरावरचा तंबू उघडतोय तोच एक माणूस येऊन म्हणाला, इथून पुढे अभयारण्य, मुक्काम करता येणार नाही. मग काय! एका ओळखीच्या घरच्या पडवीत सात जणांच्या पथाऱ्या. त्यांनी गरम पेज वाढली. तंबू अंगणात, गाडीच्या डोक्यावर, रात्रभर रिकामा भिजला. सासूबाईंना मात्र फार आवडलं. ‘असं लग्नानंतर पहिल्यांदाच कुणाच्या पडवीत झोपले,’ म्हणाल्या.

आणि कळस ऐका. परत येताना, घर हाकेच्या अंतरावर, भाऊजींनी मुलांना ‘खरं ऑफरोडिंग’ दाखवायला गाडी डंपाच्या जुन्या वाटेवर घातली. पावसाने लाल राड झालेली. चाळीस पावलांत गाडी बसली. फोर हाय झालं, फोर लो झालं. लॉकर नव्हता ना! पुढचं एक नि मागचं एक चाक गरगरतंय, बाकीची दोन आरामात. सगळा वाडा जमला. कुणी ट्रॅक्टर आणायला धावलं.

इतक्यात ट्रकवाले काका आले. बनियन, लुंगी, हातात आगपेटीची काडी. काही न बोलता चारी टायरांची थोडी थोडी हवा सोडली. कुंपणावरची गोणपाटं ओढून चाकांखाली सारली. भाऊजींना म्हणाले, ‘उतर.’ आणि स्वतः बसले. टिप्पर विकल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला मी तरी पाहिला नव्हता. ॲक्सलरेटरला जेमतेम पाय. गाडी हळूच पुढे, हळूच मागे, पुन्हा पुढे, आणि निघाली बाहेर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी किल्ली घ्यायला पुढे झाले.

गाडी थांबलीच नाही. काका ती घेऊन डंपावर वरपर्यंत गेले, तिथे वळवली आणि सरळ त्याच चिखलात पुन्हा घातली. बाहेर काढली. परत घातली. काचेवर लाल चिखलाचे फराटे आणि आतून काकांचे दात तेवढे दिसत होते.

काकी माझ्या शेजारीच उभ्या होत्या, डोक्यावर पदर धरून. ‘हे आता जेवायला येत नाहीत,’ म्हणाल्या.