पायथन ते फोर्ट्रान, मार्गे सी

प्रोग्रॅमर मंडळी आपल्या भाषेबद्दल जेवढी हळवी असतात तेवढी पगाराबद्दलही नसतात. पायथनवाल्याला जावा पाल्हाळिक वाटते, जावावाल्याला पायथन म्हणजे पोरखेळ वाटतो, आणि सीवाला दोघांकडे बघून नुसता हसतो. हा वाद वर्षानुवर्षं रंगतो, कारण तो चहाच्या टेबलावर होतो. कामाच्या टेबलावर बसलं की वेगळंच निघतं. आपल्याला हवं असलेलं काम कुणीतरी कधीच करून ठेवलेलं असतं, उत्तम केलेलं असतं, आणि नेमकं आपण ज्या भाषेला नावं ठेवत होतो तिच्यात केलेलं असतं.

पायथनमध्ये नमपाय ही गणिताची लायब्ररी वापरून शंभर समीकरणं सोडवायची तर एक ओळ पुरते. ओळ लिहिणाऱ्याला वाटतं, पायथनने सोडवली. पायथनने त्यातलं काहीही केलेलं नसतं. तिने आत डीजीईएसव्ही अशा काहीतरी नावाच्या रूटीनला हाक मारलेली असते. हे नाव कुणी रागाच्या भरात ठेवलेलं नाही. फोर्ट्रान ७७ मध्ये नाव सहा अक्षरांच्या वर जाऊ शकत नसे, म्हणून डी म्हणजे दुप्पट अचूकतेचे आकडे, जीई म्हणजे साधं मॅट्रिक्स, एसव्ही म्हणजे सोडव. लॅपॅक नावाच्या संग्रहातलं हे रूटीन. संग्रह पहिल्यांदा बाहेर आला १९९२ साली. आता गंमत अशी, की ओपनब्लाससारख्या काही लायब्रऱ्यांत हेच रूटीन सीमध्ये नव्याने लिहिलेलं आहे. म्हणजे सीमधून हाक मारली तर ओ देणारीही सीच, आणि तरी दोघी आपसात बोलतात फोर्ट्रानच्या रीतीने. कारण सगळं जग तशीच हाक मारतं. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मान्सूनच्या अंदाजाची जी मॉडेलं चालतात तीही फोर्ट्रानचीच. तेव्हा ‘फोर्ट्रान आता कोण वापरतं’ असं विचारणाऱ्याने छत्री नेण्याआधी जरा विचार करावा.

तर एका भाषेतून दुसरीला हाक मारावी लागते, आणि ती सरळ मारता येत नाही. मधे सी लागते. सी सर्वांत गोड आहे म्हणून नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिम सीमध्ये, प्रोसेसरवर फंक्शनला हाक कशी मारायची याचे नियम सीच्या हिशेबाने लिहिलेले, त्यामुळे प्रत्येक भाषेला निदान तेवढी तरी सी यावी लागते. रस्टची गोष्ट तर बघण्यासारखी आहे. एवढी काटेकोर भाषा, पण रस्टच्या दोन तुकड्यांचे कंपायलर वेगवेगळ्या आवृत्तीचे असले तर ते एकमेकांना समजतील याची हमी रस्ट स्वतःच देत नाही. तिथेही शहाणी माणसं मधे सी घालतात. आणि सीकडे काय आहे? आकडे आहेत, पत्ते आहेत. खरी स्ट्रिंग नाही, यादी नाही, चुकलं तर आरडाओरडा करायची सोय नाही. म्हणजे दोन संपन्न भाषांनी आपापलं सगळं वैभव उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं आणि आकडे नि पत्ते एवढ्यावर संसाराच्या गोष्टी करायच्या. त्यातही आकडे एकसारखे असतील असं नाही. सीमधला ‘लाँग’ ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा असतो आणि तेवढ्याच बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा.

माझी खरी तक्रार मात्र गैरसोयीची नाही. घरी असताना इतके किरकिरे असणारे हे कंपायलर त्या उंबऱ्यावर एकदम गप्प होतात, ही आहे. स्वल्पविराम चुकला तर पानभर बोलणारा माणूस व्यवहाराच्या कागदावर सही करताना एक अक्षर वाचत नाही, तसला प्रकार.

एक प्रयोग कुणालाही करून बघता येईल. पायथनबरोबर सीटाइप्स नावाचं साधन २००६ पासून आयतं मिळतं. त्याने सीची गणिताची लायब्ररी उघडायची आणि तिच्यातल्या वर्गमुळाच्या फंक्शनला ४ पाठवायचे. उत्तर म्हणून भलतीच पूर्ण संख्या येते. चार पॉइंट शून्य पाठवून बघा, तर सीटाइप्स साफ नकार देतं, हे कसं पाठवायचं ते ठाऊक नाही म्हणतं. पण नुसते ४ मात्र आनंदाने नेऊन देतं. का? तर इंटेलच्या घराण्यातल्या ६४ बिटांच्या प्रोसेसरवर पूर्णांक एका प्रकारच्या रजिस्टरमधून जातात आणि फ्लोट दुसऱ्या. पायथनने ४ पूर्णांकाच्या रजिस्टरमध्ये ठेवले. वर्गमुळाने फ्लोटच्या रजिस्टरमध्ये पाहिलं, तिथे जे काही पडलं होतं त्याचं इमानदारीने वर्गमूळ काढलं आणि फ्लोटच्याच रजिस्टरमध्ये ठेवलं. पायथन उत्तराची वाट पाहत उभी होती पूर्णांकाच्या रजिस्टरपाशी, कारण वेगळं सांगितलं नाही तर उत्तर पूर्णांक असणार असं ती धरून चालते. तिथे जे हाताला लागलं ते तिने आणून दिलं. नव्याने कामावर आलेली मुलगी हे पहिल्यांदा बघते तेव्हा हमखास विचारते, ‘पण सर, एरर कशी नाही आली?’

एरर यायला कुणीतरी चुकलेलं असावं लागतं ना गं. इथे दोघांनीही आपापलं काम चोख केलंय.

येणारं काय नि जाणारं काय, ते सांगणाऱ्या दोन ओळी लिहिल्या की वर्गमूळ निमूट २ येतं. पण त्या दोन ओळी खऱ्या आहेत का, हे तपासणारं कुणी नाही. तुम्ही खोटं लिहिलंत तर त्या खोट्यावरही तितकाच विश्वास ठेवला जाईल.

फोर्ट्रानची तऱ्हा आणखी निराळी. तिला कुठलीही गोष्ट हातात दिलेली चालत नाही, पत्ताच लागतो. ३ हा आकडा द्यायचा तर तो आधी कुठेतरी ठेवा आणि ती जागा सांगा. चुकून ३च दिलात तर ती ३ नंबरच्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावते, आणि ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्या प्रोग्रॅमलाच बाहेर काढते. ही चूक मला आवडते, कारण ती लगेच कळते. मॅट्रिक्सचं तसं नाही. सी आणि नमपाय मॅट्रिक्स ओळीओळीने मांडतात, फोर्ट्रान स्तंभास्तंभाने. वरच्या ओळीत १, २ आणि खालच्या ओळीत ३, ४ असं मॅट्रिक्स नमपायने पाठवलं की मेमरीत १, २, ३, ४ असं जातं. फोर्ट्रान पहिला स्तंभ १, २ असा वाचते. झालं, मॅट्रिक्स आडवं. आकडे तेच, एकही हरवलेला नाही, उत्तरही व्यवस्थित दशांशात येतं आणि ते चूक असतं. त्यावर कडी म्हणजे आपण चाचणी घेतो कशाने? ज्याचं उत्तर तोंडी सांगता येईल अशाने, म्हणजे कर्णावर १ आणि बाकी शून्य असलेल्या मॅट्रिक्सने. ते आडवं केलं काय नि उभं ठेवलं काय, सारखंच. चाचणी उत्तीर्ण. मॅट्रिक्स सममित असतील तर हा घोळ वर्षानुवर्षं सुखाने नांदतो, आणि ज्या दिवशी पहिलं असममित मॅट्रिक्स येतं त्या दिवशी सगळे त्या बिचाऱ्या मॅट्रिक्सवर संशय घेतात.

वर्षानुवर्षं नांदलेल्या घोळाचं सगळ्यांत देखणं उदाहरण २०१९ चं. फोर्ट्रानच्या रूटीनला अक्षरं पाठवली की यादीच्या शेवटी त्यांची लांबीही पाठवायची असते. ही लांबी फोर्ट्रान लिहिणाऱ्याला दिसत नाही, कंपायलर परस्पर चिकटवतो. सीमधून हाक मारताना ती आपण हाताने द्यायची. आता लॅपॅकमध्ये अक्षरं म्हणजे किती? एक. मॅट्रिक्सचा वरचा त्रिकोण घे की खालचा, हे सांगायला यू किंवा एल. एका अक्षराची लांबी ती काय सांगायची, म्हणून सीवाल्यांनी ती पाठवलीच नाही. आणि चाललं की हो! दशकांमागून दशकं चाललं, कारण पलीकडे ती कुणी बघतच नव्हतं. मग जीफोर्ट्रान हा कंपायलर हुशार झाला. एखाद्या रूटीनचं शेवटचं काम दुसऱ्या रूटीनला हाक मारणं एवढंच असेल, तर नवी जागा कशाला अडवा, आलेल्या यादीच्याच जागेत नवी यादी लिहून टाकू, असं तो करू लागला. त्यात लांबीसाठी असलेली जागाही आली. ती लांबी कुणी पाठवलीच नव्हती, म्हणजे ती जागा हाक मारणाऱ्याची स्वतःची होती, आणि तिथे त्याचं काहीबाही ठेवलेलं होतं. संख्याशास्त्रज्ञांची आर ही भाषा लॅपॅकला अशीच हाक मारायची, तिची गणितं कोलमडली. चूक सीवाल्यांची, हे सगळ्यांना मान्य होतं. पण इतक्या जणांनी इतकी वर्षं केलेल्या चुकीला चूक तरी कसं म्हणायचं! शेवटी जीफोर्ट्रान बनवणाऱ्या जीसीसीवाल्यांनी कंपायलरमध्ये एक पर्याय घातला, की अशा ठिकाणी फार हुशारी करू नकोस. मला हा निकाल अगदी आपल्याकडच्या वहिवाटीच्या दाव्यासारखा लागला असं वाटतं.

लांबीचा विषय निघालाच आहे तर ‘पुणे’ किती लांब, तेही बघू. कुठलाही मराठी माणूस म्हणेल, दोन अक्षरं. पायथन म्हणते ४, कारण प, उकार, ण, मात्रा. सी म्हणते १२, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. स्विफ्ट नावाची ॲपलची भाषा तेवढी २ म्हणते, तिला पुणेकरांनी मानाचं पान द्यावं. आता पायथनला लांबी विचारून ती ४ अशी सीला कळवली, तर सी चार बाइट उचलते, म्हणजे अख्खा प आणि उकाराचा एक तृतीयांश. पडद्यावर प दिसतो आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली असेल तर यातलं काही दिसत नाही, तिथे सगळ्यांचे हिशेब जुळतात. आपल्या नावाची अशी अर्धवट चिरफाड झालेली पावती पाहिली, की कुठल्या दोन भाषांमध्ये काय बोलणं झालं असेल याचा मी उगीच अंदाज बांधत बसतो.

मेमरीचं दुखणं सगळ्यात जुनाट. शेजारच्या काकूंनी पुरणपोळ्या डब्यातून पाठवल्या, तर डबा कुणाचा हा प्रश्न येत नाही. स्टीलवर नाव कोरलेलं असतं. सीच्या फंक्शनने मजकूर परत दिला, की त्या डब्यावर नाव नसतं. तो घासून परत करायचा, की काकूच स्वतः येऊन नेणार, हे फक्त मॅन्युअलमध्ये लिहिलेलं, आणि मॅन्युअल ‘योग्य ती काळजी घ्यावी’ एवढं म्हणून मोकळं होतं. परत केला नाही तर मेमरी गळत राहते, दोनदा परत केला तर प्रोग्रॅम कोसळतो. पायथनची आणखी एक खोड आहे. तिच्याकडे वापरात नसलेली गोष्ट आपसूक टाकून दिली जाते. तुम्ही एक फंक्शन सीच्या हाती दिलंत, ‘काम झालं की याला बोलाव’ म्हणून. पायथनच्या बाजूला त्या फंक्शनचं नाव कुणी घेईना, म्हणून तिने ते टाकून दिलं. तासाभराने सी बोलावायला जाते तर तिथे कुणी राहत नाही. हा अपघात नेमका सादरीकरणाच्या वेळी होतो असा समज आहे. तो खरा असावा, कारण त्या दिवशीच प्रोग्रॅम एवढा वेळ चालू ठेवतात.

बाकीच्या व्यथा ओझरत्या सांगतो. सी++ मध्ये उठलेला अपवाद सीच्या दारातून बाहेर पडू द्यायचा नसतो, दाराशीच पकडायचा. जावामधून जुन्या वाटेने सीकडे जायचं तर फंक्शनच्या नावात अख्खी वंशावळ लिहावी लागते, आणि मूळ नावातच अंडरस्कोअर असेल तर त्यापुढे १ लावावा लागतो. हे वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी ते अजून केलेलं नाही.

या जाचाला कंटाळून दर काही वर्षांनी कुणीतरी एकच भाषा सगळ्याला पुरेल असं म्हणत नवी भाषा काढतं. २०१२ मध्ये ज्युलिया आली ती दोन भाषांची कटकट मिटवायलाच. भाषा खरोखर छान आहे, मॅट्रिक्सही स्तंभास्तंभाने मांडते, मोजायला एकपासून सुरुवात करते, म्हणजे फोर्ट्रानची सख्खी भाची शोभावी. पण समीकरणं सोडवायची वेळ आली की तीही ओपनब्लासलाच हाक मारते, आणि त्यात वावगं काही नाही. तीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं गणित कोण नव्याने लिहीत बसणार? लिहिलं तरी त्यावर विश्वास बसायला पुढची तीस वर्षं.

नव्या भाषेच्या पहिल्या पानावर तिचे गुण लिहिलेले असतात. चपळ, सुरक्षित, वाचायला सोपी. शेवटी हमखास एक ओळ असते, की सीशी बोलणं अगदी सहज. खाली उदाहरणही असतं, पाच-सहा ओळींचं, चकचकीत, आणि ते चालतंही. त्यात सीला दोन पूर्णांक पाठवलेले असतात आणि सीने त्यांची बेरीज करून दिलेली असते. दोन पूर्णांकांची बेरीज करण्यासाठी आजवर कुणीही सीकडे गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.