दहा-सोळा साहेब

साहेबांचं खरं नाव कचेरीतलं मस्टर आणि घरावरची पाटी सोडली तर गडचिरोलीत कुणी वापरत नाही. कॉलनीत, कॉम्प्लेक्सच्या चहाटपरीवर, सगळीकडे ते ‘दहा-सोळा’. गॅरेजवाल्याची समजूत अशी, की हे पान्याचं माप आहे. नव्या शिपायाला वाटलं, साहेब रोज दहा वाजून सोळा मिनिटांनी येतात, म्हणून बिचारा आठवडाभर दहा-पंधराला दारात उभा राहिला. साहेब आले साडेअकराला.

खरी गोष्ट अशी, की साहेब स्कॉच सिंगल माल्टचे दर्दी आहेत. त्यातही धुराच्या वासाच्या. त्यातही एकाच भट्टीची दहा वर्षांची, सोळा वर्षांची आणि पंचवीस वर्षांची शेजारी शेजारी ठेवून कोणत्या वयाला काय झालं, हे सांगणाऱ्यांपैकी. आणि अशा माणसाला शासनानं नेमलं कुठं, तर जिथं १९९३ पासून दारूबंदी आहे त्या जिल्ह्यात. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आणि गावोगावच्या बायकांनी लढून आणलेली ही बंदी. साहेबांची तिच्याविरुद्ध अक्षराची तक्रार नाही. उलट ते तिचे कट्टर समर्थक आहेत. ‘पिणाऱ्यांसाठी बंदी हवीच,’ असं ते म्हणतात, आणि पिणाऱ्यांत स्वतःला धरत नाहीत. ते तुलना करतात.

ही जात एकट्या दारूच्या प्रांतात नाही. गाणं न ऐकता घराणी सांगणारे असतात, आंबा न खाता बागा सांगणारे असतात. पण साहेबांचं प्रेम आकड्यावर आहे, आणि त्याचं मूळ मला त्यांच्या नोकरीत दिसतं. ज्या माणसानं तीस वर्षं खात्याची ज्येष्ठता यादी उशाशी ठेवली, त्याला बाटलीवर वय छापलेलं बघून भरून येणारच.

लॅगाव्हुलिनची आठ वर्षांची आणि सोळा वर्षांची यांतला फरक त्यांच्या तोंडून ऐकावा. आठची म्हणजे नवा कनिष्ठ अभियंता. रंगानं फिकी, ताकद अठ्ठेचाळीस टक्के, आल्या आल्या धुराचा लोट, प्रत्येक फाइलवर शेरा. सोळाची म्हणजे उपविभागीय अधिकारी. ताकद त्रेचाळीसवर आलेली, धूर आहे पण दाराआड, सोबत मनुका-खारकांचा गोडवा, कारण आता लोकांशी जमवून घ्यायची कला आलेली. आणि लाफ्रॉइगची पंचवीस वर्षांची? इथं साहेबांचा आवाज खाली येतो. ‘अधीक्षक अभियंता. निवृत्तीला सहा महिने. धूर जवळजवळ गेलेला. नुसती फळं. कुणालाही नाही म्हणत नाही. आणि किंमत विचारू नका.’

यातलं शास्त्र मात्र चोख आहे. आयला नावाच्या स्कॉटिश बेटावर जळणाला झाडं नव्हती. म्हणून तिथले लोक दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेल्या शेवाळ-गवताचा थर कापतात, वाळवतात आणि जाळतात. या थराला पीट म्हणतात. मोड आणलेलं जव त्याच्या धुरावर वाळवलं, की धूर दाण्यात शिरतो तो थेट पेल्यापर्यंत सोबत येतो. मग दारू ओकच्या पिंपात पडून राहते. लाकूड तिला गोडवा देत जातं आणि वर्षागणिक धूर मवाळ होत जातो. म्हणजे धूर हवा असेल तर तरुण घ्यावी. जास्त पैसे मोजून कमी धूर घेण्याला काय म्हणायचं, असं मी एकदा विचारलं. साहेब म्हणाले, ‘बढती.’

बाटलीवरचा आकडा आतल्या सगळ्यांत धाकट्या पिंपाचं वय सांगतो, हेही त्यांनीच मला शिकवलं. आणि एकदा बाटलीत गेली की वय थांबतं, कपाटात आणखी वीस वर्षं ठेवली तरी सोळाची सोळाच. ‘निवृत्तीनंतरचा काळ सेवेत धरत नाहीत,’ ही त्यावरची त्यांची टीप.

‘आयला’ हा उच्चार ते शुद्ध करतात, आणि इंग्रजी स्पेलिंगाकडे बघून कुणी ‘इस्ले’ म्हटलं तर दुखावतात. पण भर बैठकीत वरिष्ठांनी ‘सुट्टीत कुठं जायचा विचार आहे?’ विचारल्यावर ‘आयला!’ एवढंच उत्तर दिल्यामुळे त्यांच्या गोपनीय अहवालात भाषेविषयी एक ओळ आली, असं कचेरीत सांगतात. बेट त्यांनी पाहिलेलं नाही. तीन हजारांच्या आसपास वस्तीचं, आपल्या जिल्ह्यात तसली वीसेक सहज मावतील एवढं. पण तिथल्या लाफ्रॉइग, लॅगाव्हुलिन आणि आर्डबेग या भट्ट्या एकाच किनाऱ्यावर ओळीनं कशा आहेत, हे ते आरमोरी, वडसा, कुरखेडा सांगावं तसं सांगतात.

घरी शोकेसमध्ये बाटल्या आहेत, सगळ्या रिकाम्या. नागपूरला जावयाकडे संपतात आणि इकडे येतात. धुवायच्या नाहीत, अशी घरात ताकीद. महिन्यातून एकदा साहेब एकेकीचं बूच काढून हुंगतात आणि वहीत लिहितात. लाफ्रॉइगच्या लांबोड्या नळकांड्यात वहिनींनी शेवया भरल्यात. शेवयांना आयोडीनचा वास लागतो, ही साहेबांची तक्रार नसून पाहुण्यांना दिलेली माहिती असते. कुणीतरी केलेल्या तक्रारीवरून एकदा एक जमादार चौकशीला आला. साहेबांनी त्याला बसवलं, आठ आणि सोळाच्या बाटल्या नाकाशी धरायला लावल्या आणि फरक विचारला. जमादार म्हणाला, दोन्ही रिकाम्या आहेत. ‘प्राथमिक निरीक्षण बरोबर,’ साहेब म्हणाले आणि पुढं तासभर बोलले. तो पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही.

नाकाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. साहेबांच्या पायाला खिळा लागला होता. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनं आयोडीनचा बोळा काढला, तसे साहेबांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, ‘दहा. पंचवीस तर नक्कीच नाही.’ सिस्टर म्हणाली, ‘दोनच टाके आहेत, काका.’ तेव्हापासून साहेबांचं ठाम मत आहे, की अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी असताना लाफ्रॉइग औषध म्हणून उतरवून घेत, असं जे सांगतात, त्यात तिथल्या अधिकाऱ्यांचा काही दोष नव्हता.

मार्च लागला की साहेब घरात सापडत नाहीत. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि ती आग पसरली की वनखात्याची धावपळ सुरू होते. धानोऱ्याच्या रस्त्याला अशा एका संध्याकाळी वनरक्षक पाठीवर ब्लोअर घेऊन पळत होते, आणि रस्त्याकडेला गाडी लावून साहेब नाक वर करून उभे. ‘आर्डबेग,’ ते मला म्हणाले. ‘दहा वर्षं. थोडी मिरी, थोडं डांबर.’ वनरक्षकानं ओरडून विचारलं, ‘आग कोणीकडं गेली, साहेब?’ साहेबांनी विचार करून सांगितलं, ‘शेवटाला जरा गोडसर आहे.’

त्यांच्या कुंपणापलीकडे एक आजा राहतो. उभी हयात वनमजुरीत गेली, आता शेळ्या आणि नातवंडं. मोहाचं त्याला सगळं माहीत आहे. फुलं किती वाळवायची, किती दिवस भिजत घालायची, मडक्यावर मडकं ठेवून वाफ कशी थंड करायची, पहिल्या धारेची कुणाला द्यायची आणि देवाला आधी का. हे सगळं तो जुनी आठवण म्हणून सांगतो. साहेबांना त्याच्याविषयी आदर आहे, म्हणून एका दुपारी त्यांनी त्याला वयाचा सिद्धांत समजावला. लाकडी पिंप, थंड गोदाम, सोळा वर्षं. आजानं सगळं नीट ऐकून घेतलं.

‘सोरा साल ठेवली?’

‘सोळा.’

‘काहून जी? सोरा साल घरी पावनाच नाई आला का?’

साहेबांकडे यावर उत्तर नव्हतं. त्यांनी विषय बदलून पिंपातून दर वर्षी उडून जाणाऱ्या दारूकडे नेला. स्कॉटलंडात वर्षाला दोनेक टक्के उडते आणि तिकडचे लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्याकडे गोव्याला किंवा बंगळूरला हाच वाटा कितीतरी पटींनी मोठा. आजानं चंद्रपूरच्या उन्हाचा हिशेब केला असावा. सत्तेचाळीस अंशांत पिंप ठेवलं तर देवदूतच आडवे पडतील, अशा अर्थाचं तो गोंडीत काहीतरी म्हणाला आणि शेळ्यांकडे गेला.

चंद्रपूरचं निघालं म्हणून. १ एप्रिल २०१५ ला तिथंही बंदी आली, वर्धा तर त्याच्या कितीतरी आधीपासून कोरडाच, त्यामुळे साहेबांच्या नकाशात नागपूरपर्यंत सगळं वाळवंट झालं. २०२१ मध्ये चंद्रपूरची बंदी उठली. वैनगंगेचा पूल ओलांडून गेलेल्या पहिल्या काही लोकांत साहेब होते. घाई नव्हती, पाहणी होती. दुकानात गर्दीतून वाट काढत ते गल्ल्यापाशी पोचले आणि म्हणाले, ‘सोळा वर्षं आहे का?’

‘सोळा वर्षाच्या पोराले नाई देत जी,’ दुकानदार म्हणाला. ‘कायदा हाय. पंचवीस पूर्ण पायजे.’

साहेबांचे डोळे चमकले. ‘पंचवीस आहे?’

आता एवढ्यावरून कुणालाही वाटेल, की हा गृहस्थ ढोंगी असणार, आणि डोळे बांधून चार पेले पुढं ठेवले तर फजिती होणार. त्यांच्या जावयालाही तसंच वाटलं. गेल्या दिवाळीत नागपूरला त्यानं चार पेले मांडले, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या आणि नातेवाइकांना गच्चीवर बोलावलं. मीही होतो. साहेबांनी पहिला पेला हुंगला, ‘आठ.’ दुसरा, ‘दहा, पण शेजारच्या भट्टीची.’ तिसरा, ‘सोळा.’ तिन्ही बरोबर. एक थेंब जिभेला लावला नव्हता. वर्षभर आयोडीन, पाचोळा आणि रिकाम्या बाटल्या यांवर पोसलेलं नाक, त्याला भरलेला पेला म्हणजे अगदीच सोपा पेपर. फजिती झाली ती आमची, कारण त्यानंतर जेवायला बसायला साडेअकरा वाजले.

चौथ्या पेल्याशी ते थबकले. धूर होता, फळं होती, पण आकडा लागेना. जावयानं चिठ्ठी काढली. पॉल जॉनची ‘बोल्ड’ होती, गोव्याची. कुंकळ्ळीच्या उकाड्यात दारू इतक्या झपाट्यानं मुरते, की वर्षांचा आकडा लिहून तिची बाजू नीट मांडता येत नाही, म्हणून बाटलीवर वय छापलेलं नाही, असं जावई समजावून सांगू लागला. जव धुरवायला पीट स्कॉटलंडचंच, हेही त्यानं सांगितलं. साहेबांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. ‘जन्मदाखला नाही?’

‘नाही.’

‘सेवापुस्तकात नोंद?’

‘बाबा, चव बघा ना.’

साहेबांनी चव पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा ओतून घेतली, तेव्हा वहिनींनी मान वर केली, कारण साहेब तुलना करताना दुसरा घोट घेत नाहीत. शेवटी पेला खाली ठेवून ते म्हणाले, ‘गुणवत्ता आहे. पण यादीत बसवता येत नाही.’ बाटलीत उरलेली त्या रात्री त्यांनी एकट्यानं संपवली. वहीत तिची नोंद नाही.

पुढच्या वर्षी साहेब निवृत्त होताहेत. मुलगी म्हणते नागपूरला या. वहिनींनी साफ नकार दिला. वार्षिक तपासणीत साहेबांचं यकृत एखाद्या विद्यार्थ्याचं असावं तसं निघालं, आणि त्याचं श्रेय वहिनी बंग दांपत्याला आणि सरकारी बदलीला देतात. त्यामुळे राहायचं गडचिरोलीतच, असं ठरलं. चंद्रपूर रस्त्याला एक प्लॉट बघितला. सातबारा स्वच्छ, बोअरला पाणी, शेजार चांगला. वहिनी खूश. दलालानं विसाराच्या रकमेचा विषय काढला, तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. मार्च-एप्रिलमध्ये वारा कुठल्या बाजूनं असतो, त्यांनी विचारलं. जंगलातला धूर इथपर्यंत येतो का?

दलालाला वाटलं, साहेबांना दम्याचा त्रास असणार. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘धूर? बिल्कुल नाई येत जी! लिहून देतो पायजे तं!’

सौदा तिथंच मोडला.