कचऱ्याचं खानदान

आमच्या पालिकेच्या निविदेत अट होती: कचरा केंद्रातले डबे ३०४ ग्रेड स्टेनलेस स्टीलचेच हवेत. म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. आमचा पोळ्यांचा डबाही इतका खानदानी नाही! माल उतरला. साहेबांनी खिशातून लोहचुंबक काढून लावलं, चिकटलं नाही, ‘अस्सल आहे’ म्हणत सही ठोकली. चुंबक तर स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही, पण ठेकेदार कशाला बोलतोय?

पहिल्याच पावसाळ्यात कुजक्या भाजीचं पाणी तळाशी मुरलं आणि वेल्डिंगच्या सांध्यांवर तांबूस ठिपके उमटले. त्याआधी दोन झाकणं पसार झाली होती म्हणा. भंगारवाल्याने त्यांच्यावर केमिकलचा एक थेंब टाकला, तो लाल झालेला पाहिला आणि २०२ चाच भाव दिला.