रिपोर्ट नॉर्मल काका

कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं त्या दिवशी काकांनी सोसायटीत पेढे वाटले. एलडीएल 162 वरून थेट 84! रिपोर्टचा फोटो ग्रुपवर पडला आणि त्याच रात्री ॲटोर्व्हास्टॅटिनची पट्टी जुन्या वॉरंटी कार्डांच्या खणात गेली. "ताप उतरल्यावर कुणी क्रोसिन घेतं का?" काका म्हणाले. बँकेत जन्म गेलेला माणूस. हिशेब जुळला की वही मिटायची.

असे काका दर इमारतीत एक तरी सापडतात. श्रेयवाटपात गोळीचा नंबर शेवटचा. आधी उपाशीपोटी लसूण, मग जवसाची चटणी, मग सकाळचा वॉक (ज्याचा शेवट वडापावच्या गाडीशी होतो). वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई जिन्यात गाठून सांगतात, "काका, बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं. गोळी तिथलं काम मंदावते. ती थांबली की काही आठवड्यांत कारखाना पुन्हा जोरात. पाय दुखत असतील तर सांगा, डोस कमी करू, गोळी बदलू. पण परस्पर बंद नका करू." काका मान डोलावतात. पाय त्यांचे कधीच दुखत नाहीत, दुखतं ते दर महिन्याचं बिल.

बाईंनी एकदा अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याने हजारो बुरशा तपासून 1970च्या दशकात पहिलं स्टॅटिन, म्हणजे काकांच्या गोळीच्याच जातीचं औषध, शोधलं. काका खूश. "म्हणजे बुरशीच ना? मग लहानपणी शिळ्या भाकरीबरोबर आमचा कोर्स पूर्ण झालाय!"

गंमत अशी, की गेल्या वार्षिक सभेत कुणीतरी सुचवलं होतं, चोऱ्या होत नाहीत तर वॉचमन कशाला? तेव्हा सेक्रेटरी म्हणून हेच काका टेबल आपटून गरजले होते, "अहो, वॉचमन आहे म्हणून चोऱ्या होत नाहीत!" ठराव एकमताने फेटाळला गेला. काकूंनी ते वाक्य जपून ठेवलंय. हल्ली दुधाचा हिशेब करतानाही ऐकवतात.

तीन महिन्यांनी एलडीएल 158. काकांनी लॅबला दोष दिला. दुसऱ्या लॅबने 161 सांगितलं. आता तिसरीची चौकशी चालू आहे. घरी येऊन रक्त नेणारी हवी, ज्येष्ठांना सवलत हवी आणि शक्यतो आकडा जरा समजूतदार हवा.