नुसतं पळवू नका, सर!

नांदेड-लातूरकडं फुटबॉलचा सराव बघायला उभं राहा. काठावरून एकच आरोळी : ‘दाब त्याला, दाब!’ एकटं पोरगं चेंडूमागं सुटतं, बाकीचे बघत उभे. आणि सर सांगतात, आमचा संघ हाय प्रेस खेळतो, म्हणजे समोरच्याच्या गोलाजवळच चेंडू हिसकावतो!

खरा प्रेस असा असतो. समोरच्या संघाचा गोलरक्षक त्यांच्या डाव्या बचावपटूला चेंडू देतो. त्याच क्षणी आपला उजवा विंगर त्याच्यावर जातो, पण वळसा घेऊन, म्हणजे आतला पास बंद. स्ट्रायकर गोलरक्षकाकडची परतीची वाट अडवतो. मधली फळी जवळच्या माणसाला चिकटते, बचावफळी वर सरकते. समोरच्याला उरते फक्त साइडलाइन. तिथं चेंडू हिसकावला की गोल हाकेच्या अंतरावर.

प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांच्या एफसी गोवानं असाच चढा खेळ करत 2017-18च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) 18 साखळी सामन्यांत 42 गोल ठोकले. एकट्या स्ट्रायकर कोरोचे 18. पण गोल खाल्लेही 28, आणि उपांत्य फेरीच्या परतीच्या लढतीत चेन्नईयिननं 3-0 नं घरी पाठवलं.

या डावाचं दुखणं मागं असतं. बचावफळी मध्यरेषेपर्यंत चढली की पाठीमागं सगळं रान मोकळं. त्यात नियम असा, की स्वतःच्या अर्ध्यातून सुटलेल्या खेळाडूला ऑफसाइड लागत नाही. मधली फळी दोन पावलं उशिरा आली, की एक लांब पास आणि खेळ खल्लास.

म्हणून प्रेस सोडायचा? मुळीच नाही. याच लोबेरांनी 2020-21मध्ये मुंबई सिटीला साखळीची शील्ड आणि करंडक दोन्ही मिळवून दिलं. 20 साखळी सामन्यांत 35 गोल केले, खाल्ले फक्त 18. धार तीच ठेवून मागची बाजू सांभाळता येते, हे त्यांनी दाखवलं.

आमच्याकडं तर पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात सामनाभर प्रेस कुणाच्या बापालाही झेपणार नाही. तेव्हा कधी थांबायचं, हे पोरांना आधी शिकवा. चेंडू गेला की पहिले चार-पाच सेकंद सगळ्यांनी मिळून झडप. नाही मिळाला तर सगळ्यांनी मिळून मागं. आणि हरल्यावर ‘पोरं पळालीच नाहीत’ म्हणण्याआधी सरांनी एवढंच सांगावं : कुणी, कधी आणि कुणाबरोबर पळायचं, हे शिकवलं होतं का?