मान मोठी हवी

माझा भाचा अमेरिकेच्या नौदलात होता तेव्हाची गोष्ट. आम्ही उभयता सॅन डिएगोला त्याच्याकडे गेलो होतो. सकाळी उठून बघतो तर हा पलंगावर उताणा, डोकं कडेबाहेर, कपाळावर वजनाची चकती आणि मान वर-खाली. मला वाटलं, भाचेसुनेने काही शिक्षा दिली असावी.

"मामा, पुढच्या आठवड्यात टेप आहे," तो धापा टाकत म्हणाला.

तेव्हा नौदलात वजन-उंचीच्या तक्त्यात जो मावत नसे, त्याची चरबी मोजायला टेप लावत. सूत्र याच गावातलं. नौदलाच्या हॉजडन आणि बेकेट या संशोधकांनी ते 1984 मध्ये बसवलं, तेही लोकांना पाण्यात बुडवून काढलेल्या वजनाशी ताडून. पुरुषाच्या बेंबीवरच्या घेरातून मानेचा घेर वजा करायचा, उंची घ्यायची आणि दोन्ही लॉगच्या चरकातून काढायचं. खाली चरबीची टक्केवारी गळते. अकरावीत लॉग टेबलांनी माझा घात केला होता. चाळीस वर्षांनी ती पोटावर येऊन बसली.

पण वजाबाकीत मान! म्हणजे पोट उतरत नसेल तर मान वाढवा. मोठ्या मानेच्या माणसाला पोट माफ, हे आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत नेहमी दिसतं. अमेरिकन नौदलाने त्याचं गणित मांडलं एवढंच.

भाच्याने मलाही टेप लावली. मी पोट आत ओढलं.

"अहो, श्वास सोडा!" ही कडाडली. सोडला. पोट 40 इंच, मान 15, उंची 66. उत्तर आलं 30 टक्के. चाळिशीपुढच्या पुरुषाला तेव्हा मर्यादा 26. भाच्याने मान 17 धरून पुन्हा आकडे घातले, तर बरोबर 26! म्हणजे मी आणि अमेरिकन नौदल यांच्यामध्ये फक्त दोन इंच मान उभी होती.

बायकांच्या सूत्रात कंबरेशिवाय नितंबांचाही घेर धरतात, हे ऐकताच हिने टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली. ती आजतागायत बाहेर आलेली नाही.

तिकडच्या भूदलाने 2023 मध्ये मान मोजणंच सोडलं. मग उरलं ते बेंबीवरचा घेर आणि वजन, बस्स. भाच्याने ही बातमी कळवली तोवर माझा मानेचा व्यायाम अंगवळणी पडला होता. परवा शर्टाचं वरचं बटण लागेना. पँटचं तर आधीपासूनच लागत नाही.