उलट्या प्रश्नचिन्हाचे सर

ज्यांच्या घरात दहावीचं पोर आहे त्यांना या सरांची ओळख करून द्यायची गरज नाही. "मी बॅच घेत नाही, एका वेळी एकच विद्यार्थी," असं सांगणारे, आणि तेही कुणी विचारायच्या आधी. प्रत्येक कॉलनीत असा एक नमुना असतोच. आमच्या संभाजीनगरच्या सिडकोतल्या सरांचं वेगळेपण एवढंच, की जिन्याखालच्या त्यांच्या पाटीवर तीन विषय आहेत: मराठी साहित्य, निबंधलेखन आणि स्पॅनिश संभाषण. त्याखाली कुणीतरी खडूनं 'झेरॉक्स' असं वाढवून ठेवलंय. सरांनी ते पुसलं नाही, फक्त 'झे'ची मात्रा नीट केली.

स्पॅनिश आलं म्हणून आमची काही तक्रार नव्हती. तक्रार आहे ती चिन्हाची. त्या भाषेत प्रश्नाच्या शेवटी आपल्यासारखं प्रश्नचिन्ह असतंच, पण सुरुवातीलाही एक असतं, आणि ते उलटं. वाचणाऱ्याला आधीच कळावं की पुढे प्रश्न येतोय. तिकडच्या रॉयल अकादमीनं १७५४ मध्ये हा नियम घालून दिला, तोही फक्त लांबलचक प्रश्नांपुरता. सरांनी तो "चहा घेणार?"लाही लावला. शिवाय कागदावर नव्हे, तोंडी.

म्हणजे असं: प्रश्न विचारायच्या आधी सर हनुवटी छातीला टेकवतात, डोळे कपाळात नेतात आणि थांबतात. हे उलटं चिन्ह. मग प्रश्न. मग मान ताठ. हे सुलटं. आणि नंतर उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहतात.

क्रांती चौकात रिक्षा थांबवून त्यांनी औरंगपुऱ्याचे किती घेणार म्हणून विचारायला मान घातली, तर रिक्षावाला उतरून त्यांचा दंड धरून उभा. "चाचा, चक्कर आ रहे क्या?" प्रश्न राहिला बाजूला, त्यानं बळवंत वाचनालयापर्यंत फुकट सोडलं, वर पाण्याची बाटली दिली. मेडिकलवाला तर विचारायच्या आधीच बीपीच्या गोळ्या काढून ठेवतो. एका लग्नात आहेराच्या रांगेत सर नवरदेवासमोर मान घालून उभे राहिले. त्या भल्या मुलाला वाटलं, हे आपल्या पाया पडतायत. तो घाईघाईनं वाकला आणि दोघांची डोकी फुटायची वेळ आली. सरांना विचारायचं होतं एवढंच, की पत्रिकेत 'आशिर्वाद' ऱ्हस्व कुणी छापला.

पण सगळ्यांत नामुष्की झाली ती पाणी सोडणाऱ्या लाइनमनसमोर. आमच्या गावात पाणी किती दिवसांनी येतं हे बाहेरच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं; ते सोडा. लाइनमन दिसणं हाच एक योग. सर धावत खाली गेले, "पाणी कधी सोडणार?" या प्रश्नाची मान घातली, आणि मान वर येईपर्यंत मोटारसायकल पुढच्या कॉलनीत. मी म्हटलं, "सर, घाईत चिन्ह गाळायचं." तर म्हणाले, "या शहरात नळच मुळात प्रश्नचिन्हासारखा आहे. खालचा ठिपका तेवढा पडत नाही."

उलटं चिन्ह कशाला म्हणून मी एकदा वाद घातला. सरांनी वेरूळवर नेऊन ठेवलं: "कैलास लेणं कसं कोरलं? आधी कळस, मग पाया. वरून खाली! राष्ट्रकूटांना चाललं, तुम्हाला का चालत नाही?" यावर काय बोलणार? बरं, बोलायच्या आधी त्यांनी मान घातलेलीच होती.

विद्यार्थी मात्र चांगले टिकून आहेत. एक गाइड आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, त्यामुळे त्याची शिकवणी कॅलेंडर बघून ठरते. अख्खा पद्मपाणी त्याला स्पॅनिशमध्ये सांगता येतो, पण पर्यटकाला प्रश्न विचारताना आता तोही मान घालतो. परदेशी पाहुण्यांना वाटतं, बौद्ध लेण्यांमधली ही काहीतरी जुनी वंदनपद्धत असणार. तेही मान घालतात. दुसरा वाळूजचा इंजिनिअर. बजाजच्या मोटारसायकली कोलंबिया-मेक्सिकोकडे जातात, तेव्हा आपणही कधीतरी मागोमाग जाऊ, या आशेवर तो क्रियापदं चालवतो. 'तुम्ही कुठले?' या पहिल्याच धड्यात त्याचं घोडं अडलं. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, आणि नवं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं की स्पॅनिश माणूस त्यातल्या 'जी'चा 'खी' करणार. "सर, मग मी 'संभाखीनगर'चा का?" सरांनी बराच वेळ विचार करून "मुंबईजवळ" असं शिकवलं.

स्वतः सर स्पेनला गेलेले नाहीत. मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. 'दोन किहोते' मुळातून वाचायचं म्हणून उतारवयात ही भाषा धरली. सर्वांतेसनं पहिला भाग १६०५ मध्ये काढला, दुसरा १६१५ मध्ये. सरांनाही पहिला संपवून दुसऱ्याला हात घालायला जवळपास तेवढाच काळ लागला असावा. मध्यंतरी एका मोठ्या क्लासनं त्यांना बोलावून घेतलं. साठ पोरं, माइक, एसी. सरांनी पहिला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. तास संपला. पोरांना तो तास फार आवडला म्हणे. मालकांना नाही.

एवढं सगळं माहीत असूनही माझ्या बहिणीनं आपल्या मुलीला निबंधासाठी त्यांच्याकडे घातलं. विषय 'माझी आजी'. भाचीनं गाइडमधून उतरवून नेला: आजी पहाटे उठते, अंगणात सडा घालते, तुळशीला पाणी घालते, पुराणातल्या गोष्टी सांगते. वही परत आली ती मी पाहिली. एकही वाक्य खोडलेलं नव्हतं. प्रत्येक वाक्यापुढे लाल शाईचं एकेक उलटं प्रश्नचिन्ह, आणि पुढे कोरी जागा. प्रश्न काय, ते नाही. तो तिनं शोधायचा.

पोरगी चिडली, रडली, आईशी भांडली. चौथ्या मजल्यावर कसलं अंगण आणि कुठला सडा! मग एकेका लाल खुणेसमोर बसली. त्यातून जो निबंध निघाला त्यात तुळस नव्हती. टाकी भरलेली असली तरी पाण्याच्या वाराला रात्री उठून हंडे, पातेली, कुकर, अगदी चहाची गाळणी सोडून घरातलं सगळं भरून ठेवणारी आजी होती. मग पुढच्या पाण्याच्या वारापर्यंत त्या भांड्यांतून वाट काढत चालणारं घर होतं. आणि 'आता टाकी आहे, आई' असं म्हटल्यावर "टाकी पहिल्या उन्हाळ्यातही होती" एवढंच म्हणून परत नळ सोडणारी ती. आमच्याच घरातली बाई, पण तिला हे असं कुणी विचारलंच नव्हतं. मी तो निबंध दोनदा वाचला. सर एक तास एका पोरीसमोर गप्प बसून नेमकं काय करतात, ते थोडंफार ध्यानात आलं. तोंडावर त्यांना हे मी सांगणार नाही, चढून बसतील.

शाळेच्या सराव परीक्षेत भाचीनं तोच लिहिला. निम्मे गुण. शेरा: 'आजीचे संस्कार दिसत नाहीत.'

बहीण तणतणली. पुढच्या महिन्यापासून शिकवणी बंद, असं ठरवून तिनं फीचं पाकीट तयार ठेवलं. फी मागणं हा एकच प्रश्न सर कधी विचारत नाहीत, लोकांना आपणहून आठवावं लागतं. संध्याकाळी सर दारात आले, आणि त्यांनी मान घातली.

"हो हो, विसरले नाही," म्हणत ताईनं पाकीट पुढे केलं. सरांनी ते न बघता खिशात घातलं. मान अजून खालीच.

"आजी जाग्या आहेत का? हंडे किती, ते निबंधात राहिलंय."

आतून आजीच बाहेर आली. सरांकडे खालून वर बघितलं.

"मोजायचे असतील तर मोजा, मास्तर. पण आधी मान वर करा, अन् वाटेतलं पातेलं सांभाळा."

सरांनी मान वर केली. पातेलं सांडलंच.